‘ताई, उद्या प्रॅक्टिकल आहे का?’ : वर्ग सांभाळणाऱ्या नव्या सहायकासाठी

हा प्रश्न मला रात्री साडेअकराला आलाय, पहाटे पाचला आलाय, आतेबहिणीच्या लग्नात पंगतीला बसले असताना आलाय. आणि जवळजवळ दर वेळी त्याचं उत्तर मी आधीच कुठेतरी लिहून ठेवलेलं होतं. या ‘कुठेतरी’तच सगळी गोम होती.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात संख्याशास्त्रात पीएच.डी. करते आणि एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल सांभाळते. तास सर घेतात. लॅब, वह्या, सबमिशन, अंतर्गत गुणांची यादी आणि पोरांच्या शंका माझ्याकडे. ५२ जण आहेत. यूजीसीच्या २०२२च्या पीएच.डी. नियमावलीत संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला ४ ते ६ तास असं सहायकाचं काम देता येईल, असं म्हटलंय. पहिल्या सत्रात एकदा मी खुन्नसने आठवडाभर वहीत वेळ लिहून काढली. नुसत्या मेसेजला उत्तरं देण्यात अकरा तास गेले होते. लॅब वेगळीच.

यंदा हे काम माझ्या मागच्या बॅचच्या मुलाकडे जातंय. त्याला तोंडी सांगत होते, मग म्हटलं लिहूनच काढते. दुसऱ्या कॉलेजातल्या कोणाला उपयोग झाला तर झाला.

पहिल्या वर्षी माझं सगळं एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होतं. सूचना तिथे, पीडीएफ तिथे, शंका तिथे, वाढदिवसही तिथेच. सप्टेंबरात एकदा लॅबचा इन्व्हर्टर बसला आणि दुसऱ्या दिवशीचं प्रॅक्टिकल पुढे ढकलावं लागलं. मी रात्री पावणेअकराला ग्रुपवर लिहिलं आणि झोपले. त्याच रात्री वर्गातल्या एकाचा वाढदिवस. माझ्या सूचनेवर केकची चित्रं आणि ‘हॅपी बड्डे भाऊ’ यांचा ढीग पडला. सकाळी साडेदहाला लॅबच्या बंद दारासमोर नऊ जण उभे. त्यातला एक धडगावकडचा. सातपुड्यातून उतरून शहाद्याला, तिथून शिरपूर-चोपडा करत इथे. मी ओशाळून म्हटलं, “अरे, मेसेज टाकला होता ना रात्री.” तो शांतपणे म्हणाला, “ताई, आमच्या पाड्यावर रेंज नाही. शहाद्याला आल्यावर मेसेज वाजला. तोवर तिकीट काढून झालं होतं.”

त्याला चहा पाजला. दुसरं काय करणार.

त्या दिवसानंतर एक ठरवलं: एका कामाला एकच जागा. सूचना एका ठिकाणी, शंका दुसऱ्या, वह्या आणि गुण तिसऱ्या. कोणती गोष्ट कुठे जाणार हे जूनच्या पहिल्या तासाला फळ्यावर लिहायचं आणि मग आपणच ते मोडायचं नाही. पहिल्यांदा मोडतो तो सहायकच, हे अनुभवाने सांगते. कोणीतरी गोड बोलून पर्सनलवर विचारतं, आपण पटकन सांगून टाकतो, की दुसऱ्या दिवशी पाच जण पर्सनलवर हजर.

सूचना

सूचनेसाठी व्हॉट्सअ‍ॅपच. मला विचाराल तर टेलिग्राम जास्त सोयीचं आहे. नव्याने आलेल्याला जुने मेसेज दिसतात, नंबर लपवता येतो, मेसेज आधी लिहून ठरलेल्या वेळी पाठवता येतो. मी एक सत्र करूनही पाहिलं. ५२ पैकी जेमतेम वीस जणांनी अ‍ॅप घेतलं, आणि त्यातल्या निम्म्यांनी ते पिक्चर उतरवायला वापरलं. पोरं जिथे आधीच बसलेली आहेत तिथेच जाऊन सांगावं लागतं, सोय आपली कितीही असो.

पण साधा ग्रुप काढू नका. कम्युनिटी काढा आणि तिच्यातला घोषणांचा जो ग्रुप आपोआप तयार होतो तेवढाच वापरा. तिथे नवा मेसेज फक्त अ‍ॅडमिनला टाकता येतो, म्हणजे केक बंद. आणि दुसरं, माझ्या दृष्टीने जास्त मोठं कारण: तिथे सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. साध्या ग्रुपात प्रत्येक मुलीचा नंबर वर्गातल्या प्रत्येकाला आयता मिळतो. माझ्या पहिल्या ग्रुपातून एका मुलीचा नंबर कोणीतरी बाहेर दिला आणि तिला नको ते फोन सुरू झाले. तिने मला सांगितलंच नाही, सिम बदललं. मला दोन महिन्यांनी कळलं. तो ग्रुप मी काढला होता, म्हणजे तो नंबर मीच वाटला होता.

पोरांचा स्वतःचा ग्रुप असतोच. त्यात आपण नसावं. त्यांनाही कुठेतरी आपल्याबद्दल बोलायला जागा हवी.

आता सूचना लिहायची कशी. मी पूर्वी अशी लिहायचे:

“सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की काही तांत्रिक कारणास्तव उद्याचे प्रॅक्टिकल घेता येणार नाही, तरी सर्वांनी याची नोंद घ्यावी. पुढील तारीख लवकरच कळविण्यात येईल.”

फोनच्या पडद्यावर वरच्या पट्टीत यातलं ‘सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की काही तांत्रिक’ एवढंच दिसतं. एसटीत एका हाताने दांडी धरून उभा असलेला पोरगा तेवढंच वाचतो आणि फोन खिशात टाकतो. शिवाय ‘उद्याचे’. ज्याला मेसेज दुसऱ्या दिवशी पोचतो त्याचा ‘उद्या’ वेगळा असतो. आता अशी लिहिते:

“बदल: गुरुवार ११ सप्टेंबर, प्रॅक्टिकल ५ रद्द. आता सोमवार १५ सप्टेंबर, सकाळी १०:३०, लॅब २. वही आणि कॅल्क्युलेटर आणा.”

पहिला शब्द एकतर ‘बदल’, नाहीतर ‘नवीन’, नाहीतर ‘आठवण’. चौथा शब्द मी वापरत नाही. वार आणि तारीख दोन्ही लिहायची, म्हणजे एक चुकलं तर दुसऱ्यावरून कोणीतरी विचारतं. ‘उद्या’, ‘परवा’, ‘लवकरच’ हे शब्द वर्ज्य. एका मेसेजात एकच गोष्ट. बदल असेल तर जुनी सूचना पुसायची नाही, तिलाच रिप्लाय देऊन नवी टाकायची, म्हणजे काय बदललं ते दिसतं. पाठवल्यावर चूक दिसली तर १५ मिनिटांच्या आत मेसेज दुरुस्त करता येतो, म्हणून पाठवल्यावर फोन खाली ठेवण्याआधी एकदा मोठ्याने वाचा. चालू आठवड्याची सूचना वर पिन करा. २४ तास, ७ दिवस, ३० दिवस अशा तीन मुदती मिळतात. मी सातची घेते.

वेळ संध्याकाळी सातची. चोपडा, पारोळा, एरंडोल, यावल अशा गावांहून येणारी पोरं तोवर घरी पोचलेली असतात, फोन चार्जिंगला लागलेला असतो. सातला काही नाही आलं तर आज काही नाही, हे त्यांना महिन्याभरात पाठ होतं. ‘ताई, उद्या आहे का?’ हा प्रश्न निम्म्यावर आला तो कुठल्या अ‍ॅपमुळे नव्हे, या सातच्या सवयीमुळे.

एक गोष्ट आपण सहायकांनी पाळायचीच. तारीख, गुण, परीक्षा यांचा निर्णय सरांचा. सरांनी फोनवर सांगितलं तरी मी त्यांना दोन ओळींचा मेल टाकते: ‘आपण सांगितल्याप्रमाणे प्रॅक्टिकल ५ हे १५ तारखेला ठेवत आहे.’ मगच सूचना. सर विसरतात. माणूस आहेत.

शंका

इथे जरा थांबते, कारण मला सगळ्यात जास्त वेळ हे समजायला लागला.

साध्या ग्रुपवर शंका विचारणारे ५२ पैकी सहा जण होते. तेच सहा, दर वेळी. सगळे मुलगे, आणि सहाही जणांना तसं बरंच येत होतं. बाकीच्या ४६ जणांना शंका नव्हत्या असं मला खरंच वाटायचं. पहिल्या वह्या तपासल्या तेव्हा कळलं. तीस वह्यांत एकच चूक, तीही एकाच ओळीत. म्हणजे एकाची वही फिरली होती, आणि ज्याची फिरली त्यालाही समजलं नव्हतं.

मग एका मुलीला लॅबमध्ये बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, “ताई, ग्रुपवर विचारलं तर सगळ्यांना कळतं ना, की हिला एवढंही येत नाही. आणि माझं मराठी पण असं.” ‘असं’ म्हणजे अहिराणी, आमची खानदेशी बोली. घरी ती ‘माले समजनं नही’ म्हणते, आणि ते ‘मला समजलं नाही’ असं करून लिहिण्यातच तिचा धीर संपतो. पावरी किंवा मावची या आदिवासी बोली बोलणाऱ्यांचं तर विचारूच नका.

अमेरिकेतल्या विद्यापीठांत शंकांसाठी पियाझा नावाचं एक साधन चालतं. ते २००९ मध्ये सुरू करणाऱ्या पूजा शंकर या मूळच्या आपल्याकडच्याच, पाटण्यात वाढलेल्या. आयआयटी कानपूरला संगणकशास्त्र शिकताना वर्गात मुली अगदी मोजक्या. मुलगे एकमेकांना विचारून गणितं सोडवायचे आणि यांना संकोचाने विचारता येत नव्हतं. पुढे स्टॅनफर्डला असताना त्यांनी असं काही बनवलं, की जिथे वर्गमित्रांपासून नाव लपवून प्रश्न विचारता येतो आणि उत्तर मात्र सगळ्यांना दिसतं. हे वाचलं तेव्हा मला आमची लॅबच दिसली. मी पियाझा काही वापरलं नाही, पोरांना आणखी एक इंग्रजी अ‍ॅप नको होतं. पण त्यातली मेख तेवढी उचलली: प्रश्न बिननावाचा, उत्तर जाहीर.

गूगल फॉर्म पुरतो. तो असा करा.

फॉर्मच्या सेटिंगमध्ये ईमेल गोळा करण्याची सोय बंद ठेवा. ‘एका व्यक्तीचा एकच प्रतिसाद’ हेही बंद, कारण ते चालू केलं की फॉर्म आधी लॉगिन मागतो. तुम्हाला नाव दिसत नसलं तरी लॉगिन मागितलं की पोरं माघारी फिरतात, आणि बरोबरच आहे त्यांचं. आणखी एक फसगत: वहीचा फोटो जोडता यावा म्हणून मी फाइल अपलोडचा प्रश्न घातला होता. त्यालाही लॉगिन लागतं, आणि कोणी अपलोड केलं ते दिसतं. म्हणजे बिननावाचा म्हणवून घेतलेला फॉर्म नावाचा झाला. एका हुशार मुलाने दाखवून दिलं तेव्हा मी तो प्रश्न काढला आणि वर्गात उभं राहून सांगितलं की हे माझं चुकलं. तसं सांगितलं नसतं तर त्या फॉर्मवर पुन्हा कोणी विश्वास ठेवला नसता.

आत दोनच प्रश्न: कुठलं प्रॅक्टिकल? कुठे अडलं? दुसऱ्याखाली एक ओळ: ‘अहिराणीत, मराठीत, इंग्रजीत, मोडकंतोडकं, कसंही लिहा.’ बोलून टाइप करायची सोय सगळ्यांच्या फोनमध्ये असते, पण ती अहिराणीचं भलतंच मराठी करते. चालतं. मला कळतं.

फॉर्मचा क्यूआर कोड छापून लॅबच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलाय. आतल्या बाजूला, कारण पोरं बाहेर पडताना तिथे घुटमळतात. शंका शनिवार रात्रीपर्यंत घेते, उत्तरं सोमवारी सातला. लगेच उत्तर देत नाही, मुद्दाम. लगेच मिळतं म्हटल्यावर पोरं पुस्तक उघडायच्या आधी फॉर्म उघडतात. दोन दिवसांत निम्म्यांचं आपलं आपण सुटतं.

पहिल्या आठवड्यात दोन शंका आल्या. दोन्ही मीच टाकलेल्या. हा थोडा खोटेपणा आहे, पण रिकाम्या फॉर्मात पहिलं कोणी लिहीत नाही. दुसऱ्या आठवड्यात तीन, तिसऱ्यात अकरा. त्यातली एक अशी: ‘ताई, पी-व्हॅल्यू बारीक उनी ते काय समजानं?’ बारीक आली तर काय समजायचं. पुस्तकी मराठीत इतका नेमका प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

उत्तरं एका गूगल डॉकमध्ये लिहिते. लिंक फक्त वाचण्यापुरती. नाव ‘शंका-वही’. वर प्रश्न जसा आला तसा, खाली उत्तर. प्रश्नाची भाषा सुधारायची नाही. अहिराणी प्रश्न अहिराणीतच छापून आला की पुढच्या आठवड्यात आणखी चार येतात.

उत्तर कसं लिहावं त्याचा एक नमुना देते. प्रश्न व्हेरियन्सचा, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्या मापाचा होता: ‘व्हेरियन्स काढताना एनने न भागता एन वजा एकने का? एनने भागलं तर काय बिघडतं?’ मी आधी सूत्राची सिद्धता लिहिली होती. ती खोडली आणि हे लिहिलं:

‘रावेरच्या बागेतले केळीचे पाच घड घ्या. सरासरी वजन २० किलो, म्हणजे एकूण १००. पहिले चार मी सांगते: १८, २२, १९, २३. बेरीज ८२. आता पाचवा किती? १८च. त्याला दुसरं काही होता येत नाही. सरासरी एकदा ठरली की चार घड मोकळे, पाचवा बांधलेला. सरासरी आपण त्याच पाच घडांतून काढलेली असते, म्हणून फरक खऱ्यापेक्षा थोडे लहानच दिसतात. पाचने भागलं तर सगळ्या बागेचा व्हेरियन्स सरासरीने कमी येतो. ती तूट भरून काढायला चारने भागायचं.’

वहीत त्या वर्षी हा प्रश्न पुन्हा चुकला नाही. घड मात्र बऱ्याच वह्यांत दिसले.

बिननावाचं म्हटलं की कोणी वाह्यातपणा करेल ही भीती सरांनाही होती. तीन सत्रांत दोनदा झाला. डिलीट केला, कुठे उल्लेख केला नाही, विषय संपला. उलट एकदा माझ्याबद्दलच आलं, ‘मॅडम फार भरभर सांगतात आणि फळ्याशी बोलतात.’ दोन दिवस राग होता. मग मैत्रिणीला मागच्या बाकावर बसवलं. ती म्हणाली, खरंय.

वह्या, तारखा, गुण

हे सगळं गूगल क्लासरूमवर. कॉलेजची अधिकृत व्यवस्था असेल, मूडल वगैरे, तर तीच वापरा. नसेल तर साध्या जीमेल खात्यावरही क्लासरूम चालतं. वर्गाचा कोड पहिल्या दिवशी फळ्यावर लिहा आणि सगळे आत आल्याशिवाय लॅब सोडू नका. नंतर ‘ताई कोड’ असे मेसेज सत्र संपेपर्यंत येतात. स्ट्रीमवर, म्हणजे वर्गाच्या सामायिक पानावर, लिहिण्याची परवानगी फक्त शिक्षकांना ठेवा, नाहीतर तिथेही केक.

क्लासरूमच्या सूचना मेलवर जातात आणि मेल कोणी उघडत नाही. म्हणून नवीन काम टाकलं की सातच्या सूचनेत त्याची एक ओळ. तेवढा एकच दुवा दोन जागांमध्ये.

वह्यांचे फोटो ही मोठी कटकट. आडवे, उलटे, अर्ध्या पानावर अंगठा, एका प्रॅक्टिकलचे चौदा वेगळे फोटो. पहिल्याच लॅबमध्ये दहा मिनिटं काढून सगळ्यांकडून करून घ्या: फोनमधलं ड्राइव्ह उघडायचं, अधिकचं चिन्ह, स्कॅन, सगळी पानं एकामागोमाग, एकच पीडीएफ. फाइलचं नाव रोल नंबर आणि प्रॅक्टिकलचा आकडा. ‘अपलोड होत नाही’ असं आलं तर आधी विचारा, गूगलची जागा भरली का. फुकटची १५ जीबी ड्राइव्ह, मेल आणि फोटो यांत मिळून असते, ती लग्नाच्या व्हिडिओंनी भरलेली असते. ती भरली की मेलही यायचे बंद होतात.

मुदत टाकताना क्लासरूम आपण वेळ न सांगितल्यास रात्रीचे ११:५९ धरतं. ती ठेवू नका. रात्री गावात सगळेच नेटवर असतात, फाइल गोल गोल फिरत राहते, आणि बाराला पाच कमी असताना आपला फोन वाजायला लागतो. मी बुधवार दुपारी बारा ठेवते. तोवर बहुतेक जण कॉलेजात आलेले असतात, इथे नेट बरं असतं.

आणि मुदत ठरवण्याआधी घरातलं भिंतीवरचं कॅलेंडर बघा. पहिल्या वर्षी मी श्रावणात सोमवारची मुदत दिली. तीन वह्या आल्या. आदल्या दिवशी कानबाईचा सण होता, आणि सोमवारी कानबाईचं विसर्जन. खानदेशातल्या मुलीने हे विसरावं! आई म्हणाली, “रोट खाताना आठवलं नाही का तुला?” तेव्हापासून कानबाई, पोळा, आखाजी (अक्षय्य तृतीया) या आठवड्यांत मुदत नाही. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी असते, त्या दिवसांत मुदत दोन दिवस सैल. मजूर मिळत नाहीत, पोरं घरच्या शेतात असतात. ‘आजारी होतो’ असं लिहितात, पण हातांवर बोंडांचे ओरखडे असतात.

गुणांबाबत माझ्या हातून झालेली चूक सांगते. पहिल्या चाचणीची यादी मी फोटो काढून ग्रुपवर टाकली. नावांसकट. सरांच्या काळी भिंतीवर लावायचे, त्यात काय, असं वाटलं. अकरा मिनिटांनी पुसली, तोवर ३७ जणांनी पाहिली होती. सगळ्यात कमी गुण असलेली मुलगी आठ दिवस आली नाही. भिंतीवरची यादी निदान घरी भावाच्या फोनवर पोचत नव्हती.

क्लासरूममध्ये गुण ज्याचे त्यालाच दिसतात, आणि आपण ‘रिटर्न’ करेपर्यंत त्यालाही दिसत नाहीत. म्हणून सगळ्या ५२ तपासून झाल्यावर एकदम रिटर्न करा. पाच-पाच केल्या तर उरलेले ‘ताई, माझे?’ म्हणून रांग लावतात. गुण का कापले ते खासगी टिप्पणीत एका ओळीत: ‘आलेखावर अक्षांची नावं नाहीत, २ गुण.’ वाद निम्मे होतात.

पर्सनल मेसेज

चोपड्याकडच्या एका मुलीचा रात्री साडेदहाला मेसेज आला, ‘ताई, वही दाखवायला उद्या येऊ का?’ मी लिहिलं, ‘ये. दोन वाजता. एकटीच ये, गर्दी नको.’ सकाळी सातला फोन. पुरुषाचा आवाज. “कोण बोलतंय? रात्री पोरीला दोन वाजता एकटी बोलावताय ते?” नंबर वडिलांचा होता. माझ्या प्रोफाइलला मनुदेवीच्या धबधब्याचा फोटो आणि नावाच्या जागी नुसतं एक अक्षर. त्या माणसाने काय समजायचं? मी सगळं सांगितलं, त्यांना हसू आलं, मला मात्र दिवसभर घाम फुटत होता.

तेव्हापासून कामाचा नंबर वेगळा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस फुकट आहे, दुसऱ्या सिमवर चालतं. प्रोफाइलला माझा स्वतःचा फोटो, पूर्ण नाव, पुढे ‘प्रॅक्टिकल सहायक, संख्याशास्त्र विभाग’. कामाच्या वेळेबाहेर आपोआप जाणारा मेसेज असा: ‘मेसेज मिळाला. सोमवार ते शनिवार १० ते ६ मध्ये उत्तर देईन. विषयाची शंका फॉर्ममध्ये टाका. तब्येतीची किंवा घरची अडचण असेल तर दिवसा फोन करा.’ झटपट उत्तरांची सोय आहे तिथे चार उत्तरं साठवून ठेवलीत, तिरपी रेघ टाकली की समोर येतात. विषयाची शंका पर्सनलवर आली तर न रागावता फॉर्मची लिंक, दर वेळी, अगदी लाडक्या विद्यार्थ्यालाही. पण फी भरायची राहिली, घरी लग्नाची बोलणी चाललीत, हॉस्टेलला त्रास आहे, असं काही असेल तर टाइप करत बसू नका. विभागात बोलवा आणि आपल्या वरच्या मॅडमना माहीत करून द्या.

मीट आणि झूम

थोडक्यात सांगते. परीक्षेच्या आधी एखादी शंकांची बैठक, तेवढ्यापुरतंच. झूमची फुकटची बैठक ४० मिनिटांत बंद पडते, मीटवर दोघंच असतील तर प्रश्न नाही, तिघे किंवा जास्त असले की ६० मिनिटं. १०० जण दोन्हीकडे मावतात. मी मीट घेते. कॅमेरे बंद, डेटा वाचतो, आणि घरात मागे काय चाललंय ते दाखवायची कोणाला सक्ती नाही. प्रश्न चॅटमध्ये घ्या, पण बैठक संपली की ती चॅट नाहीशी होते, म्हणून बंद करण्याआधी कॉपी करून शंका-वहीत टाका. तासाभराचं रेकॉर्डिंग कोणी बघत नाही. दिवसाच्या पॅकमध्ये ते परवडतही नाही. एका मुद्द्याचा पाच-सहा मिनिटांचा आवाज आणि सोबत पानाचा फोटो, हे मात्र एसटीत ऐकलं जातं.

ज्यांच्याकडे रेंजच नाही

माझ्या ५२ मध्ये असे चौघं होते. त्यांच्यासाठी कुठलंही अ‍ॅप नाही, माणूसच. पहिल्या आठवड्यात विचारून घ्या, कोणाच्या गावात रेंज नाही, कोणाचा फोन घरात सामायिक. मग प्रत्येकासाठी एक निरोप्या ठरवा: त्याच रस्त्यावरचा किंवा हॉस्टेलचा सोबती, ज्याच्याकडे त्याच्या घरचा किंवा शेजारच्या दुकानाचा नंबर आहे. ‘बदल’ने सुरू होणारी सूचना गेली की निरोप्याने साध्या फोनवर कळवायचं आणि मला ‘पोचला’ असं एका शब्दात सांगायचं. तो शब्द आला नाही तर फोन मी करते. शिवाय विभागाच्या फलकावर कागद लागतोच. आणि अगदी शेवटच्या क्षणी प्रॅक्टिकल रद्द करायची वेळ आली तर दूरच्यांसाठी दुसरं काही ठेवा, वही तपासून द्या, लायब्ररीचं काम करून घ्या. तिकिटाचे पैसे वसूल झाले पाहिजेत.

मेलबद्दल एवढंच, की सरांना लिहायचं तर मेलच, आणि विषयाच्या ओळीत वर्ग, रोल नंबर, काम. ‘रिस्पेक्टेड सर’नंतर पान कोरं आणि खाली फाइल, असे मेल मी परत पाठवते. पाठवल्यावर रद्द करण्याची सोय जीमेलमध्ये ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते, ती आजच वाढवून ठेवा.

सत्र संपल्यावर

क्लासरूम अर्काइव्ह करा, गुणांची यादी उतरवून सरांना द्या, शंका-वहीची मालकी विभागाच्या खात्याकडे सोपवा. आपल्या खात्यावर ठेवली तर आपण गेलो की तीही जाते. कम्युनिटी बंद करा, पुढच्या बॅचला नवी. फॉर्म बंद करून नवा काढा आणि दाराच्या आतला क्यूआर कोड बदला. मी तो बदलायला विसरले होते. जूनमध्ये जुन्या फॉर्मात तीन शंका आल्या. दोन होत्या ‘निकाल कधी?’ आणि एक, ‘ताई, नवीन दादा अहिराणी समजतस का?’

समजतस. तो पारोळ्याचा आहे.